मृगाचा किडा आणि तीन पोकळ नळ्या

ह्या सदरांतून आजवर आपण पाठांतर, हस्ताक्षर, मुलांचें वाचन असे घरगुती अभ्यासाचे विषय पाहिले. आजचा विषय त्यांच्या पंक्तीस बसेल किंवा नाहीं अशी शंका वाचकांस येईल. आणि जुन्या अकरावीच्या मॅट्रिकवर थांबलेल्या, रघुवंश व लघुकौमुदी यांत रमलेल्या एका सेवानिवृत्त शाळामास्तरानें तो काढावा याचें नवलही वाटेल. विषय आहे छायाचित्रणाचा, आणि त्यांतही अगदीं बारीक वस्तूंच्या छायाचित्रणाचा. त्यास हल्लीं ‘मॅक्रो’ म्हणतात. हा छंद थोड्या खर्चांत घरीं कसा आरंभावा तें सांगावयाचें आहेच. पण त्या निमित्तानें माझ्या हातून पूर्वीं घडलेली एक चूकही चारचौघांत कबूल करावयाची आहे. तिचा ओघ येईल तेव्हां ती सांगेन.

आमचें घर पासलीस आहे. वेल्ह्याहून केळदकडे, म्हणजे मढे घाटाच्या बाजूस, जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. भाताचीं खाचरें, डोंगराची वेढ, आणि पावसाळ्यांत दिवसचे दिवस सूर्याचें तोंड दिसूं न देणारे ढग, हा आमचा परिसर. गेल्या वर्षीं उन्हाळ्यांत पुण्याच्या चिरंजीवांनीं नवा कॅमेरा घेतला आणि जुना, त्याच्या ५० मिलिमीटरच्या भिंगासह, गांवीं आणून ठेवला. सुटींत आलेल्या नातीनें त्यावर तात्काळ ताबा मिळविला. अंगणांतील जास्वंद, गोठ्यांतील वासरूं, ओटीवर अडकित्ता घेऊन बसलेले आमचे थोरले बंधु अण्णा, असें सर्व टिपून झाल्यावर तिला मुंगी टिपावीशी वाटली. परंतु कॅमेरा मुंगीजवळ नेला कीं चित्र अंधुक होई, आणि दूर नेला कीं मुंगी मोहरीच्या दाण्याएवढी दिसे.

“आजोबा, ह्याला जवळचें दिसतच नाहीं,” तिनें तक्रार केली.

“म्हणजे त्यालाही माझ्यासारखी चाळिशी लागली,” मी म्हणालों.

मी थट्टेनें बोललों, पण तें पुष्कळसें खरें निघालें. चौकशी करतां असें समजलें कीं ह्या कामासाठीं स्वतंत्र मॅक्रो भिंग मिळतें. तें उत्तम, पण त्याची किंमत माझ्या पेन्शनीस झेपणारी नव्हती. दुसरा मार्ग एक्स्टेन्शन ट्यूबांचा. ह्या ट्यूबा म्हणजे कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्यें बसविण्याच्या पोकळ नळ्या. खरें म्हणजे रुंद कडींच. त्यांत कांच मुळींच नसते. टपालानें त्या आल्या तेव्हां अण्णांनीं एक हातांत घेऊन आरपार पाहिलें आणि विचारलें, “आंत तर कांहींच नाहीं. मग पैसे कशाचे दिलेस?”

प्रश्न रास्त होता. उत्तरादाखल मीं माझें वाचनाचें भिंग काढलें. वाचकांनींही हा प्रयोग घरीं अवश्य करावा. एक निरांजन लावून खोलींतील इतर दिवे मालवावे. भिंग भिंतीसमोर धरून पुढें-मागें करावें. एका विवक्षित अंतरावर ज्योतीचें उलटें पण रेखीव चित्र भिंतीवर उमटतें. आतां निरांजन भिंगाच्या थोडें जवळ आणावें. चित्र पुसट होतें. तें पुन्हां रेखीव करावयाचें तर भिंग भिंतीपासून अधिक दूर न्यावें लागतें, आणि तसें केलें कीं ज्योत पहिल्यापेक्षां मोठी दिसते. भिंत म्हणजे कॅमेऱ्यांतील सेन्सर. वस्तु जवळ आली कीं भिंगानें सेन्सरपासून दूर सरकलें पाहिजे. कॅमेऱ्याचें भिंग आपल्या आट्यांवर थोडेंसेंच सरकतें. उरलेलें अंतर नळी भरून काढते. पैसे त्या अंतराचे. अण्णांनीं प्रयोग दोनदां करून पाहिला आणि अडकित्ता पुन्हां हातीं घेतला. आमच्या घरांत ह्याचा अर्थ संमति असा होतो.

ह्यांतील गणित पांचवीच्या मुलासही जमेल. नळीच्या लांबीस भिंगाच्या नाभ्यंतरानें भागावें. जो भागाकार येईल तितकी प्रतिमेची वाढ. आमच्या संचांत १२, २० आणि ३६ मिलिमीटरच्या तीन नळ्या आहेत आणि भिंग ५० चें आहे. १२ ची नळी लावली तर भागाकार ०.२४, म्हणजे सेंटिमीटरभर लांबीचा किडा सेन्सरवर सुमारें अडीच मिलिमीटर उमटेल. २० च्या नळीनें ०.४, ३६ च्या नळीनें ०.७२. तिन्ही एकापुढें एक जोडल्या तर ६८ मिलिमीटर होतात आणि वाढ १.३६ होते, म्हणजे प्रतिमा मूळ वस्तूहूनही मोठी. भिंगाच्या स्वतःच्या सरकण्यानें ह्यांत आणखी थोडी भर पडते. नळी भिंगाइतकीच, म्हणजे ५० मिलिमीटर असती, तर वाढ बरोबर एकास एक झाली असती.

ह्यावरून असें वाटेल कीं आंखूड नाभ्यंतराचें भिंग घ्यावें म्हणजे थोड्या नळींत पुष्कळ वाढ मिळेल. गणितानें तें खरें, व्यवहारांत नव्हे. वाढ जितकी अधिक तितकी वस्तु भिंगाच्या जवळ आणावी लागते. ५० च्या भिंगास १२ ची नळी लावली तर वस्तु भिंगाच्या मध्यापासून सुमारें २६ सेंटिमीटरांवर ठेवतां येते. तिन्ही नळ्या लावल्या तर हें अंतर ९ सेंटिमीटरांहूनही थोडें कमी होतें. २४ मिलिमीटरच्या भिंगास ३६ ची नळी लावाल तर अवघे ४ सेंटिमीटर उरतात, आणि तेही भिंगाच्या मध्यापासून. पुढच्या कांचेपासून मोजाल तर वस्तु कांचेसच टेकावयाची. उलट फार लांब नाभ्यंतराच्या भिंगास ह्याच नळ्यांनीं वाढ बेताचीच मिळते. म्हणून आरंभास ५० चें भिंग बरें. नळी लावलेली असतां दूरचें कांहीं रेखीव दिसत नाहीं, हेंही ध्यानांत असावें. समोरचा डोंगर टिपावयाचा तर नळी काढावी.

आमची पहिली खरेदी मात्र फसली होती. स्वस्तांतला एक संच मागविला, त्यांत विजेचे संपर्कबिंदु नव्हते. आधुनिक भिंगाचें छिद्र कॅमेऱ्याकडून आलेल्या आज्ञेनें लहान-मोठें होतें. मध्यें अशी मुकी नळी आली कीं आज्ञा पोंचत नाहीं. आमच्या भिंगाचें छिद्र सताड उघडें राहिलें. मुंगीची एक मिशी तेवढी रेखीव आणि बाकी सारें धुकें. तेव्हां नवशिक्यानें दोहोंपैकीं एक करावें. संपर्कबिंदु असलेल्या नळ्या घ्याव्या, अथवा छिद्राचें कडें हातानें फिरवितां येतें असें जुनें भिंग मिळवावें. फिल्मच्या जमान्यांतलीं अशीं भिंगें कित्येक घरांत कपाटाच्या तळाशीं पडून असतात. नळी आपल्याच कॅमेऱ्याच्या तोंडास बसणारी आहे ना, एवढें आधीं पाहून घ्यावें.

आतां अडचणी. पहिली उजेडाची. भिंग सेन्सरपासून दूर गेलें कीं तोच प्रकाश अधिक जागेवर पसरतो. अंतर दुप्पट झालें तर जागा चौपट होते आणि उजेड चतुर्थांश उरतो. एकास एक वाढीला नेमकें हेंच घडतें. शटर पूर्वींच्या चौपट वेळ उघडें ठेवावें लागतें, आणि तेवढ्यांत पान हलतें किंवा किडा चालूं लागतो. ह्यावर उपाय म्हणजे फ्लॅश वापरावा, पण त्यापुढें पांढऱ्या मलमलीचा तुकडा किंवा पातळ कागद धरावा, म्हणजे प्रकाश मऊ पडतो. घरांतील स्थिर वस्तूंसाठीं खिडकीचा उजेड आणि समोरच्या बाजूस टेकविलेला एक पांढरा कागद पुरे.

दुसरी अडचण याहून कठीण. इतक्या जवळून पाहतांना जो भाग रेखीव दिसतो त्याची जाडी फारच थोडी असते. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारें २२ मिलिमीटर रुंद आहे. त्यावर एकास एक वाढ आणि छिद्र एफ ८ असतां ही जाडी सुमारें अर्ध्या मिलिमीटराहून किंचित् अधिक, म्हणजे दोन पोस्टकार्डें एकावर एक ठेवावीं इतकीच होते. छिद्र लहान केलें तर ती वाढते. पण फार लहान केलें तर प्रकाश कडांवर वांकून सर्वच चित्र मऊ पडतें. आमच्या अनुभवानें एफ ८ ते एफ ११ बरें. दुसरें, भिंगाचें कडें फिरवीत बसूं नये. वाढ आधीं ठरवावी आणि मग सबंध कॅमेराच हळूहळू पुढें-मागें करावा. कोपर जमिनीस टेकावे, श्वास सोडावा, आणि एका चित्रावर न थांबतां लागोपाठ आठ-दहा घ्यावीं. त्यांतलें एखादें साधतें. बाकीचीं पुसून टाकण्यास मन घट्ट करावें. तिसरें, वस्तूचा जो भाग महत्त्वाचा तो कॅमेऱ्याशीं समांतर ठेवावा. फुलपाखराचें पंख पाहावयाचे तर बाजूनें, आणि पाय पाहावयाचे तर नेमकें वरून.

पाय म्हटले आणि माझी गोष्ट आली.

मृग लागला. शाळा उघडण्यास आठवडा होता, म्हणून नात अजून पासलीसच होती. पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं परसांत ओल्या मातीवर मखमलीचे तांबडेलाल ठिपके चालूं लागले. हाच आपला मृगाचा किडा. संस्कृतांत ह्यास इन्द्रगोप म्हणतात. विक्रमोर्वशीयाच्या चौथ्या अंकांत उर्वशीस शोधीत रानोमाळ हिंडणाऱ्या पुरूरव्यास हिरवें गवत आणि त्यावरील इन्द्रगोप पाहून तिचेंच पोपटी उत्तरीय पडलें आहे असा भास होतो. जवळ गेल्यावर त्याचा भ्रम फिटतो. हा प्रसंग मीं नातीस मोठ्या रसानें सांगितला. तिचें लक्ष कॅमेऱ्याकडे होतें. १२ आणि २० ची अशा दोन नळ्या लावून ती चिखलांत पालथी पडली होती. छिद्र एफ ११. बऱ्याच वेळानें ती उठली आणि पडद्यावरचें चित्र मोठें करून पाहूं लागली.

“आजोबा, ह्याला आठ पाय आहेत.”

“सहा असतील. किडा तो. नीट मोज.”

“नीटच मोजले. तुम्ही मोजा.”

मीं चष्मा पुसून मोजले. एका बाजूस चार, दुसऱ्या बाजूस चार. दुसरा किडा टिपविला, आठ. मग मी परसांत गेलों, एक किडा पिंपळाच्या पानावर घेतला आणि उघड्या डोळ्यांनीं पाहिलें. सेंटिमीटरभर लांबीचा प्राणी तो. साध्या चष्म्यानेंही त्याचे आठ पाय मोजतां येत होते. नळ्यांची तर गरजच नव्हती. गरज होती ती खालीं वांकून पाहण्याची, आणि साठ वर्षांत तेवढें मीं केलें नव्हतें.

मी घरांत येऊन झोपाळ्यावर बसलों. वाचकहो, आतां ती कबुली. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका शाळेंत असतां मीं सहामाही परीक्षेंत परिसरांतील एका कीटकाची आकृति काढावयास सांगितली होती. एका शेतकऱ्याच्या मुलानें मृगाचा किडा काढला, आणि त्यास आठ पाय काढले. मीं त्यावर तांबडी फुली मारून दोन गुण कापले. एवढ्यावर भागलें नाहीं. वर्गांत त्यास उभें करून विचारलें, षट्पद म्हणजे काय? तो हळूच म्हणाला, “गुर्जी, म्या मोजल्यात. आठच हायेत.” मी म्हणालों, “पुस्तकांत पाहा.” वर्ग हांसला. पुस्तकांत कीटकाचें लक्षण सहा पाय असें होतें, आणि ह्या प्राण्याचें नांवच किडा. तेव्हां त्यास सहा पाय असलेच पाहिजेत, असें माझें अनुमान. मीं पुढें अनेक वर्षें तेंच शिकविलें. पुस्तकाचा ह्यांत कांहींच दोष नव्हता. तर्कशास्त्रांत प्रत्यक्ष हें पहिलें प्रमाण आणि अनुमान त्याच्या मागचें, हें मला पाठ होतें. मुलाच्या हातीं प्रत्यक्ष होतें.

शास्त्र असें आहे कीं मृगाचा किडा कीटक नव्हेच. तो कोळी, विंचू, गोचीड यांच्या कुळांतला; ह्या कुळांतील प्रौढांस आठ पाय असतात. एरव्हीं तो जमिनींत राहतो आणि पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर येतो. कीटकांचीं अंडीं आणि बारीक जीव हा त्याचा आहार. त्याचा भडक रंग पक्ष्यांस आणि इतर भक्षकांस सांगतो कीं मी चवीस वाईट आहें. अंड्यांतून नुकतें निघालेलें पिल्लूं मात्र सहा पायांचें असतें आणि दुसऱ्या कीटकांच्या अंगास चिकटून वाढतें. हें वाचून दाखवितांच अण्णा म्हणाले, “म्हणजे बालपणीं सहा, प्रौढपणीं आठ. तूं अगदींच चुकला नाहींस.” भावाचें सांत्वन मी समजलों, पण त्या मुलानें पिल्लूं काढलें नव्हतें, आणि मला पिल्लांची माहितीही नव्हती.

तो मुलगा आतां चाळिशी उलटलेला गृहस्थ आहे. जवळच्याच वाडीवर भातशेती करतो. चित्र छापून घेतलें आणि संध्याकाळीं त्याच्या घरीं गेलों. तो लावणीच्या तयारींत होता; हातपाय धुवून पुढें आला आणि घोंगडी अंथरली. मीं चित्र त्याच्या हातीं दिलें व म्हणालों, “अरे, तुझे दोन गुण मीं चुकून कापले. आणि वर्गासमोर तुला खालीं पाहावयास लावलें, तें त्याहून वाईट झालें.”

त्यास प्रसंग आठवत होता. मला वाटलें होतें, विसरला असेल. तो चित्राकडे बराच वेळ पाहत राहिला.

“गुर्जी, ते तवाच मोजले हुते,” तो म्हणाला. मग थोडें थांबून, “मार्काचं ऱ्हाऊं द्या. धाकटी सहावीला हाय. तिला ह्ये यंत्र एकडाव दावा.”

तेव्हांपासून दर रविवारीं ती मुलगी आमच्या ओटीवर येते. नात पुण्यास गेली. नळ्या मात्र मीं ठेवून घेतल्या आहेत.

ज्या वाचकांस आरंभ करावयाचा त्यांनीं एकदम किड्यांच्या मागें लागूं नये. पहिले पंधरा दिवस घरांतील न हलणाऱ्या वस्तु घ्याव्या आणि सर्वांत लहान नळी लावावी. खड्याचें नव्हे, बारीक मीठ काळ्या कागदावर पसरावें. दाण्यादाण्याचा घन दिसतो. पैठणीचा पदर, जुनें पोस्टाचें तिकीट, निबाचें टोंक, हे सर्व उत्तम विषय. मग तुळशीची मंजिरी घ्यावी. शहरांतील सज्जांतही ती असते. रोज प्रदक्षिणा घालणाऱ्या किती जणींनीं तिच्या फुलांतील चार पुंकेसर पाहिले असतील? त्यानंतर भिंतीवरील उड्या मारणारा लहान कोळी. हा भक्ष्य धरण्यासाठीं जाळें विणीत नाहीं, झडप घालतो, आणि त्याच्या आठ डोळ्यांपैकीं समोरचे दोन मोठे डोळे रेखीव आले कीं चित्र साधलें म्हणावें. अशा कोळ्यांस क्षुद्र समजूं नये. ठाणें-कल्याण परिसरांत सांपडलेल्या एका नव्या जातीचें वर्णन संशोधकांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलें, आणि २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवरील हल्ल्यांत प्राण देऊन अतिरेक्यास धरून ठेवणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांचें नांव तिला दिलें.

सावधगिरीच्या चार गोष्टी. नळी जोडतांना कॅमेऱ्याचें तोंड खालीं धरावें आणि वाऱ्यांत जोडणी करूं नये. सेन्सरवर धूळ बसते. आमच्यासारख्या दमट मुलखांत भिंगास बुरशी धरते, म्हणून तें सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें. गवतांत पालथें पडण्यापूर्वीं काठीनें जागा चाळवून पाहावी. सह्याद्रींत फुरसें आहे, आणि तें दिसत नाहीं हीच त्याची खुबी. शेवटची गोष्ट माझ्या आग्रहाची. कोणी किडे शीतपेटींत ठेवून गारठवितात, कोणी टांचणीनें टोंचतात, म्हणजे ते हलत नाहींत. तसें करूं नये. पहांटे दंव असतां किडे थंडीनें आपोआप स्थिर बसलेले असतात. त्यांच्यासाठीं आपण लवकर उठावें.

भाद्रपदांत भात फुलोऱ्यावर आला. रोज दोन वेळां भात जेवणाऱ्या आमच्या घरांतील एकानेंही भाताचें फूल जवळून पाहिलें नव्हतें. तें सकाळीं थोडा वेळच उघडतें. ती सहावींतली मुलगी बापाच्या बांधावर तिन्ही नळ्या लावून बसली, आणि ऊन चढल्यावर लोंबीवर बारीक पुंकेसर बाहेर लोंबूं लागले तेव्हां तिनें चित्र घेतलें. एका फुलांतील पुंकेसर तिनें मोजले आणि म्हणाली, “सहा.”

मीं कॅमेरा तिच्या हातून घेतला आणि स्वतः मोजले. सहाच होते.